स्टार तिसऱ्या दिवशी मागू नका, एक मार्च एंड जाऊ द्या

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत छोट्या धंद्यांसाठी हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर अख्खं पान आलं होतं, कुठल्याला किती स्टार, वर्षाला किती पैसे, ग्राहकांची मतं वगैरे. कात्रण ठेवलंय मी. पण ती मतं वाचून लिहायला बसले, कारण जवळजवळ सगळ्यांचं एकच, वापरायला सोपं आहे, बिल पटकन होतं, मोबाईलवर दिसतं. हे खरंच आहे, पण हे सगळं पहिल्या आठवड्यात कळतं. ज्यासाठी आपण हिशोब ठेवतो ते कळायला वर्ष जावं लागतं, आणि वर्षभरानंतर कुणी मत विचारायलाच येत नाही.

आमचं पलूस तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. काउंटरवर मिस्टर असतात, हिशोब मी बघते, गेली अकरा वर्षं. त्याआधी सासरे बघायचे, मामांची लाल कापडी बांधणीची वही होती, रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी, पाडव्याला पूजा करून नवी सुरू करायची. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला तेव्हा वही लगेच बंद केली नाही पण कॉम्प्युटर घेतला. आत्तापर्यंत तीन सॉफ्टवेअर बदलली. मधल्या सॉफ्टवेअरला मी स्वतः पाच स्टार दिले होते, तिसऱ्याच दिवशी. एक बिल सेव्ह केलं आणि स्क्रीनवर खिडकी आली, आमचं ॲप आवडलं का म्हणून, समोर गिऱ्हाईक उभं, मी दाबलं आणि पुढचं बिल करायला घेतलं. ते माझं मत अजून तिथं आहे, आणि ते वाचून कुणीतरी ते घेतलं असेल ही गोष्ट मला टोचते.

आता आमच्या दुकानाचा हिशोब काय असतो ते सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. जूनमध्ये पाऊस पडला की एकेक शेतकरी एकाच वेळी सोयाबीनचं बियाणं, खत आणि तणनाशक घेतो. बियाण्याला टॅक्स नाही, खताला ५ टक्के, तणनाशकाला १८ टक्के, एकाच बिलात तीन दर. सूक्ष्म अन्नद्रव्यांना १२ टक्के होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला, म्हणजे त्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते सगळे आयटम बदलायचे. शिवाय अनुदानाचं खत पॉस मशीनवर शेतकऱ्याची ओळख पटवूनच विकायचं, त्यामुळे स्टॉक तीन ठिकाणी, मशीनमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये आणि तपासणीला लागणाऱ्या रजिस्टरमध्ये, आणि तिन्ही जुळलेच पाहिजेत.

युरियाचंच बघा. ४५ किलोची बॅग, एमआरपी २६६ रुपये ५० पैसे, टॅक्स धरून. सॉफ्टवेअरमध्ये रेट टॅक्ससकट टाकला की ते उलटं गणित करतं, २५३ रुपये ८१ पैसे मूळ किंमत, त्यावर अडीच टक्के सीजीएसटी ६ रुपये ३५ पैसे, अडीच टक्के एसजीएसटी ६ रुपये ३५ पैसे, बेरीज केली की २६६ रुपये ५१ पैसे. एक पैसा वर. आणि ऑटो राउंड ऑफ चालू असेल तर सरळ २६७. कुणी म्हणेल पन्नास पैशाचं काय एवढं, पण खत एमआरपीच्या वर विकणं हा गुन्हा आहे, लायसन्सवर येतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी बिलबुक बघून पहिलं तेच बोट ठेवलं. नशीब समजूतदार होते, लेखी खुलासा घेऊन गेले. मी सपोर्टला फोन केला तर म्हणे मॅडम राउंड ऑफ बंद करा. बंद केलं तर तो एक पैसा राहिला. शेवटी मूळ किंमत हाताने २५३.८० टाकून ठेवली तेव्हा कुठं बरोबर साडेसहासष्ट आले, पण पाच बॅगा घेतल्या की परत तपासून बघायचं. हे मला कुठल्या मतात वाचायला मिळालं नाही आणि मीसुद्धा कुठं लिहिलं नव्हतं.

बियाण्याच्या पिशवीवरच्या लॉट नंबरचं तर त्याहून महत्त्वाचं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या ते तुमच्या पेपरात रोज येत होतं. अशा वेळी शेतकऱ्याच्या हातात पुरावा म्हणजे रिकामी पिशवी, टॅग आणि आमचं बिल, आणि त्या बिलावर लॉट नंबर नसेल तर पंचनाम्याला तो भांडणार कशाच्या जोरावर? त्या मधल्या सॉफ्टवेअरमध्ये लॉट नंबर भरायची सोय होती, भरत होते मी, पण छापील बिलावर तो येतच नव्हता, त्यासाठी वरचा प्लॅन घ्या म्हणाले. आमच्या शेजारचे मेडिकलवाले मार्ग नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, बॅच आणि एक्सपायरी त्यांना बोटावर मिळते आणि ते त्याच्यावर खूश आहेत. मग आमच्या धंद्यातल्या माणसाने मत देताना आधी लिहायला नको का की बाबा मी बियाणं विकतो, माझ्या बिलावर लॉट येतो की नाही? नुसते चार स्टार बघून मेडिकलवाल्याला काय कळणार आणि मला काय कळणार.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते उधारीचं. आमच्या भागात खत-औषधाची उधारी उसाच्या बिलावर असते. जूनला नेलेलं खत, ऊस कारखान्याला गेल्यावर फिटतं, कायद्याने कारखान्याने चौदा दिवसांत पैसे द्यायचे पण कुठल्या वर्षी किती लांबतं ते सगळ्यांना माहिती आहे. म्हणजे सहा महिने, आठ महिने, आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस असेल तर त्याहून जास्त. हे आमच्याकडे थकबाकी धरत नाहीत, ही रीत आहे, मामांच्या वहीत गावाप्रमाणे पानं होती आणि पानावर वर लिहिलेलं असायचं कुणाचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो. सॉफ्टवेअरला तीस दिवस झाले की नाव लाल. ऑगस्ट संपेपर्यंत आमची सगळी यादी लाल, मग त्यात खरंच बुडवणारा कोण आणि रीतीने देणारा कोण काही ओळखू येत नाही. सॉफ्टवेअर पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, ओळखणार मोबाईल नंबरवरून, आणि आमच्याकडे तीन भावांचा मिळून एक नंबर दिलेला असतो, तोही मुलाचा जो पुण्याला असतो.

आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये आठवण द्यायचा मेसेज आपोआप जाण्याची सोय होती, सुरुवातीपासून चालूच होती, मला वेगळं विचारलं नव्हतं. आमचे एक जुने गिऱ्हाईक, मामांच्या वेळेपासूनचे, सप्टेंबरमध्ये वारले. दहाव्याच्या दिवशी सकाळी नदीवर सगळे जमलेले, आणि त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर आमच्या दुकानाच्या नावाने मेसेज गेला, आपली १८,६४० रुपये बाकी आहे, त्वरित भरावी, खाली पैसे भरायची लिंक. मिस्टर तिथंच उभे होते. त्या मुलाने काही न बोलता मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवले नाहीत. मी रात्री साडेअकरापर्यंत ती सेटिंग शोधत बसले होते, बिलिंगमध्ये नाही, पार्टीमध्ये नाही, मार्केटिंग म्हणून एक भाग होता त्याच्यात सापडली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी मोठं मन केलं, पण चाळीस वर्षांच्या व्यवहारात आमच्या घरून असा तगादा कधी गेला नव्हता. आता सांगा, हे पाचपैकी किती स्टारमध्ये बसवायचं? ज्याने ते बनवलं त्याला वाटलं असेल की दुकानदाराची वसुली सोपी होईल, हेतू वाईट नसेल. पण उधारी कुणाकडे कधी आणि कोणत्या शब्दात मागायची हे दुकानदाराचं काम आहे, ती चावी आमच्या हातात पाहिजे आणि सुरुवातीला बंद पाहिजे.

तरी हेसुद्धा एकवेळ सेटिंग बदलून सुटलं. जे सुटत नाही ते आता सांगते आणि माझं पत्र खरं त्यासाठीच आहे.

पहिल्या वर्षी त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ऑफरमध्ये ३,२०० रुपये घेतले, दुसऱ्या वर्षी ५,९०० सांगितले. आम्ही ठरवलं बदलू. एप्रिलच्या ८ तारखेला मुदत संपली. आम्ही तिमाही रिटर्नवाले, जानेवारी ते मार्चचं जीएसटीआर वन, म्हणजे विक्रीचं रिटर्न, १३ एप्रिलपर्यंत भरायचं, कर सल्लागारांना डेटा १० ला पाहिजे. ९ ला सकाळी कॉम्प्युटर उघडला तर फक्त एक पान, रिन्यू करा. बिल नवीन करता येणार नाही हे मला मान्य होतं, पैसे भरले नाहीत तर नाही. पण जुनंही दिसेना. वर्षभराची बिलं, साडेचारशे शेतकऱ्यांची खाती, कुणाचे किती येणे, ते सगळं मी माझ्या हाताने भरलेलं, रात्री मुलांचं जेवण झाल्यावर बसून, ते मलाच दिसेना. फोन केला तर म्हणाले मॅडम तुमचा डेटा एकदम सेफ आहे. सेफ आहे पण माझ्याकडे नाही ना! शेवटी ५,९०० भरले, नुसतं आत जायला. आणि बाहेर काढायला गेले तर खातेउतारा पीडीएफमध्ये निघत होता, एकेका पार्टीचा एकेक. एक्सेलमध्ये फक्त विक्रीची यादी, त्यातही लॉट नंबरचा रकाना नाही. साडेचारशे खात्यांच्या बाकी मी आणि माझ्या नणंदेने मिळून नव्या सॉफ्टवेअरमध्ये परत टाइप केल्या, ती सुट्टीला आली होती बिचारी, आठ दिवस गेले.

कायदा काय म्हणतो बघा. जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायचा, म्हणजे सहा वर्षं. कॉम्प्युटरवर ठेवला असेल तर त्याचा नीट बॅकअप ठेवायचा आणि अधिकाऱ्याने मागितला की वाचता येईल असा द्यायचा, ही जबाबदारी आमची. सॉफ्टवेअरवाल्याशी आमचा करार मात्र एका वर्षाचा. मग उरलेली पाच वर्षं मी नुसतं माझं जुनं बघायला वर्गणी भरत राहायचं का? कंपन्यांसाठी २०२२ ला नियम आला की हिशोबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर पाहिजे, आणि १ एप्रिल २०२३ पासून एंट्री कुणी कधी बदलली याची नोंद राहील असंच सॉफ्टवेअर कंपन्यांनी वापरायचं. चांगले नियम आहेत. पण एकट्याच्या मालकीचं दुकान हे त्यात येत नाही, आणि खरं तर कंपनीकडे अकाउंटंट असतो, आयटीवाला असतो, आमच्याकडे कोण आहे?

आणि हे फक्त लहानसहान ॲपचं होतं असं समजू नका. क्विकबुक्ससारखं जगात नाव असलेलं सॉफ्टवेअर, त्यांनी २०२३ मध्ये भारतातली सेवा बंद केली. आगाऊ कळवलं होतं त्यांनी, डेटा काढून घ्या म्हणून मुदत दिली होती, हे त्यांचं बरोबरच. अमेरिकेतल्या छोट्या धंद्यांचे हिशोब ठेवणाऱ्या बेंच नावाच्या कंपनीने तर २०२४ च्या डिसेंबरात, २७ तारखेला, एकाएकी बंद झाल्याचं जाहीर केलं, ऐन वर्षअखेरीला हजारो छोटे धंदेवाले अडकले, दोनतीन दिवसांनी दुसऱ्या कंपनीने ती घेतली म्हणून निभावलं. त्या लोकांनीही आधी चांगलीच मतं वाचून घेतली असणार. कंपनी बंद पडणं कुणाच्या हातात नसतं, पण आपली वही आपल्या घरात असेल तर माणूस उभा राहतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. टॅलीची कंपनी १९८६ पासून आहे, आमच्याकडे तर हिशोबाच्या सॉफ्टवेअरला टॅलीच म्हणतात, दुकानाबाहेर पाटी लागते टॅली येणारी मुलगी पाहिजे, आणि त्याचा डेटा आपल्या कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये असायचा, पेन ड्राइव्हवर घेतला की घेतला. आमच्या गल्लीतले हार्डवेअरवाले अजून तेच वापरतात, एक मुलगा आठवड्यातून दोनदा येऊन एंट्री मारून जातो. त्यातही कॉम्प्युटर बिघडला आणि बॅकअप नसेल तर सगळं गेलंच, हे मी पाहिलंय, म्हणून ऑनलाइन वाईट आणि जुनं चांगलं असं माझं म्हणणं नाही. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्या वहिनी मोबाईलवर व्यापार ॲपने बिल करतात, रोजची विक्री रात्री घरी बसून बघतात, त्यांना एक खिडकी एक माणूस असा धंदा, उधारी नाही, त्यांचं मस्त चाललंय. त्यांचं मत खरं आणि माझंही खरं. धंदा वेगळा आहे एवढंच, आणि तेच स्टारमध्ये कुठं दिसत नाही.

मोबाईल नंबरचं आठवून बघा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्याआधी लोक कंटाळले तरी बदलत नव्हते, नंबर सगळ्यांकडे गेलेला असायचा ना. ती सोय झाली आणि कंपन्यांना गिऱ्हाईकाला धरून ठेवायला सेवा द्यावी लागली. हिशोबाचंही तसंच झालं पाहिजे. खाती, बिलं, स्टॉक, लॉट नंबर, सगळं एका बटणावर बाहेर निघालं पाहिजे आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरने ते जसंच्या तसं आत घेतलं पाहिजे, आणि मुदत संपली तरी जुनं नुसतं बघायला कायम उघडं पाहिजे. सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन फसव्या युक्त्यांवर नियमावली काढली, १३ प्रकार त्यात आहेत, वर्गणीतून ग्राहकाला सहज बाहेर पडू न देणं हा त्यातला एक. माझा हिशोब अडवून ठेवणं त्यात बसतं की नाही ते वकील सांगतील, मला तरी ते तसंच वाटतं. आणि आमच्यासारखे लोक धंदेवाले म्हणून ग्राहकच नाहीत असंही कुणी समजू नये, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू धंद्यासाठीची धरत नाहीत. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर दुकानदारांनीही लिहून ठेवावा.

तुम्हाला विनंती एवढीच की परत असं पान कराल तेव्हा मतं जरा वेगळ्या तऱ्हेने गोळा करा. ज्याने निदान एक मार्च एंड त्याच्यावर काढलाय त्यालाच विचारा. धंदा कुठला, एंट्री कोण मारतं, मालक की नोकर, ते मताच्या शेजारी छापा. रिन्युअलला किती मागितले ते विचारा. आणि ज्यांनी सोडून दिलं त्यांना मुद्दाम शोधून विचारा की बाबा निघताना तुझा हिशोब तुला मिळाला का, कसा मिळाला, किती दिवस गेले. सपोर्टला फोन लावला तर मराठीत कोण बोललं का हेसुद्धा, कारण आमच्याकडे दुकानात बसणाऱ्या मुलीला हिंदी समजतं पण जमा-नावे हिंदीत समजावून घ्यायला गेलं की दोघांचाही गोंधळ होतो, आणि नावेची रक्कम जमेला पडली की शेतकऱ्याशी भांडण आमचं होतं.

सध्या जे सॉफ्टवेअर आहे त्याच्यात एक्सेल पूर्ण निघतं, घ्यायच्या आधी मी तेच पहिलं करून बघितलं, दहा खोटी बिलं केली, सगळी बाहेर काढली, लॉट नंबर आला का बघितलं, मगच पैसे भरले. विकणारा मुलगा म्हणाला, मॅडम असं पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय. दर शनिवारी दोन पेन ड्राइव्हवर घेते, एक दुकानात एक घरी. आणि उधारीची वही परत सुरू केलीय, गावाप्रमाणे पानं, वर कारखान्याचं नाव, मामा रोज संध्याकाळी चष्मा लावून ती बघतात. जुन्या सॉफ्टवेअरला दिलेले पाच स्टार मी परवा बदलले, दोन केले, आणि खाली हे सगळं लिहिलं. एक ते वापरायला सोपं होतं म्हणून आणि एक बिल खरंच पटकन व्हायचं म्हणून, जे आहे ते आहे.

आपली वाचक,
कृषी सेवा केंद्र, ता. पलूस, जि. सांगली
(कृपया नाव छापू नये.)